असाध्य आजारात मरणासाठी मदत : कायदा हवा की नको?

कळव्याची_सुमेधा

२० जून २०२५ ला ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने असाध्य आजारी प्रौढांना मरणासाठी वैद्यकीय मदत देणारं विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी पुढे पाठवलं. तेव्हापासून 'आपल्याकडे असा कायदा का नाही' हा विषय सोसायटीच्या ग्रुपपासून ज्येष्ठ नागरिक कट्ट्यापर्यंत निघतो आणि दर वेळी तीन-चार वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. इथे अतिदक्षता विभागातले, पॅलिएटिव्ह केअरमधले (असाध्य आजारात दुखणं-त्रास कमी करणाऱ्या सेवेतले), कोर्टातले लोक आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. विनंती एकच. घरातल्या मरणांचे अनुभव इथे नकोत. त्यांच्याशी वाद घालणं कुणालाच जमत नाही आणि जमू नये. नियम, पायऱ्या आणि कुठे काय अडतं ते लिहा.

आधी शब्द लावून घेऊ. शुद्धीवर असलेल्या रुग्णाने 'केमो नको, डायलिसिस नको' म्हणणं हे उपचार नाकारणं. तो हक्क आजही आहे, त्यासाठी डॉक्टरांचं कोणतंही मंडळ बसवावं लागत नाही. निर्णय घेण्याची क्षमता गेलेल्या रुग्णाचा व्हेंटिलेटर काढणं किंवा मुळात न लावणं, याला वर्तमानपत्रं 'निष्क्रिय इच्छामरण' म्हणतात. तेही भारतात अटींसह, डॉक्टरांच्या मंडळांच्या संमतीने, कायदेशीर आहे. तिसरी गोष्ट म्हणजे डॉक्टरने औषध लिहून द्यायचं आणि रुग्णाने ते स्वतःच्या हाताने घ्यायचं. चौथी, डॉक्टरने स्वतः इंजेक्शन द्यायचं. या शेवटच्या दोन्ही आपल्याकडे गुन्हा आहेत. ब्रिटनचं विधेयक फक्त तिसरीबद्दल आहे. नेदरलँड्स आणि कॅनडात तिसरी-चौथी दोन्ही चालतात.

माझं मत आधीच सांगते. तिसरीची मागणी करण्याआधी, जी दुसरी आपल्या हक्काची आहे ती ठाण्याच्या रुग्णालयांत रुग्णापर्यंत पोहोचते का ते बघावं. नाही पोहोचत.

कोर्टनाका

सुमेधाताई, कायद्याची बाजू मी मांडतो.

१९९६ च्या ग्यान कौर निकालात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असं सांगितलं. मात्र सन्मानाने जगण्यात नैसर्गिक मरणाची प्रक्रिया सन्मानाने पार पडणं येऊ शकतं, ही फटही त्याच निकालात राहिली. केईएममधल्या अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ ला न्यायालयाने त्यांचं अन्न थांबवण्याची विनंती नाकारली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' निकालात वैद्यकीय इच्छापत्र (निर्णयक्षमता गेल्यावर कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं. ती प्रक्रिया इतकी अवघड होती की कुणाला ती पार पाडता येईना, म्हणून २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आज चालतं ते २०२३ चं रूप. संसदेने यावर अजून कायदा केलेला नाही. सगळा डोलारा न्यायालयाच्या निर्देशांवर उभा आहे.

तिसऱ्या-चौथ्या प्रकाराचं काय? भारतीय न्याय संहितेचं कलम १०८ आत्महत्येला प्रवृत्त करण्याबद्दल आहे, शिक्षा १० वर्षांपर्यंत. औषध लिहून देणारा डॉक्टर थेट इथे अडकतो. इंजेक्शन देणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा. १८ वर्षांवरील व्यक्तीने संमती दिली असेल तर कलम १०१ च्या पाचव्या अपवादामुळे तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. म्हणजे संमतीने शिक्षा कमी होते, सुटका होत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ नव्या संहितेत तसं राहिलेलं नाही, म्हणून काही जण 'आता मदत करणंही चालतं' असं सांगत फिरतात. ते साफ चूक आहे.

अजून एक. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. म्हणजे महाराष्ट्र विधिमंडळ राष्ट्रपतींच्या संमतीने या राज्यापुरता बदल करू शकतं. कागदावर तरी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही.

नेरूळचा_वाचक

ब्रेन डेड रुग्णाचा व्हेंटिलेटर काढायलाही हीच मंडळं लागतात का?

आयसीयू_माजिवडा

नाही, ती वेगळी गोष्ट आहे. मेंदूमृत्यू १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली ठरवतात. चार डॉक्टरांचं मंडळ, चाचण्यांच्या दोन फेऱ्या, मध्ये किमान सहा तास. अरुणा शानभाग मेंदूमृत नव्हत्या. त्या स्वतः श्वास घेत होत्या, डोळे उघडत होत्या. अशा अवस्थेत व्हेंटिलेटर नसतोच, असते फार तर अन्न देण्याची नळी. म्हणूनच ते प्रकरण इतकं अवघड झालं.

आता २०२३ नंतरची मंडळं. प्राथमिक मंडळात उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले किमान दोन तज्ज्ञ, प्रत्येकी किमान पाच वर्षांचा अनुभव. (२०१८ मध्ये २० वर्षं मागितली होती, मध्यम आकाराच्या रुग्णालयात असे डॉक्टर आणायचे कुठून?) दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक नोंदणीकृत डॉक्टर आणि प्राथमिक मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. दोघांचं एकमत आणि नातेवाइकांची किंवा इच्छापत्रात नाव असलेल्यांची संमती झाली की अंमल करण्याआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. २०१८ मध्ये त्यांनी स्वतः रुग्णालयात येऊन बघायचं होतं, आता नुसतं कळवायचं आहे. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय. इच्छापत्र केलेलं नसेल तरी मार्ग हाच, फक्त रुग्णाची इच्छा काय असती ते नातेवाइकांनी सांगायचं.

अडतं कुठे ते सांगतो. घोडबंदर रोडपासून कोपरखैरण्यापर्यंत ३०-४० खाटांची नर्सिंग होम भरपूर आहेत. तिथे एकाच विषयाचे चार तज्ज्ञ मिळत नाहीत, बाहेरून बोलवावे लागतात आणि त्यांना सहीची भीती वाटते. दुय्यम मंडळासाठी जिल्ह्याचा माणूस आधीच नेमून ठेवलेला असेल तर काम दोन दिवसांत होतं; नसेल तर पत्रव्यवहारातच रुग्ण जातो. 'मुख्य वैद्यकीय अधिकारी' नावाचं जिल्ह्याचं पद आपल्याकडे तसं नाही. जिल्हा शल्यचिकित्सक आहेत आणि जिल्हा आरोग्य अधिकारी आहेत. पत्र कुणाला लिहायचं हे रुग्णालयाने आधीच लेखी विचारून फाइलला लावून ठेवावं. पहिला रुग्ण आल्यावर विचारू म्हटलं तर उशीर झालेला असतो.

हे सगळं जमलं नाही की उरतो 'लामा'. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. नातेवाईक सही करतात, अँब्युलन्समध्ये अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) दाबत रुग्णाला घरी नेतात आणि उंबऱ्याच्या आत नळी काढतात. वरच्या व्याख्येत हाही उपचार काढून घेणंच आहे. फरक इतकाच की मॉर्फिन नाही, झोपेचं औषध नाही, डॉक्टर नाही. रुग्ण गुदमरत जातो आणि ते सगळं घर बघतं. इच्छामरणाच्या विरोधात बोलताना लोक 'नैसर्गिक मरण' म्हणतात, तेव्हा त्यांना बहुधा हे चित्र माहीत नसतं.

वाशीची_परिचारिका

डॉक्टरांनी लिहिलेलं शंभर टक्के खरं. त्याच्या उलट बाजूने लिहिते : नळी नीट कशी काढतात.

कुटुंबाची बैठक आधी होते आणि वेळ त्यांना विचारून ठरते. कुणी गावाहून यायचं असेल तर थांबायचं. स्नायू शिथिल करणारी औषधं चालू असतील तर त्यांचा असर पूर्ण उतरल्याशिवाय काहीही करायचं नाही, कारण त्या औषधाखाली रुग्णाला त्रास झाला तरी चेहऱ्यावर दिसत नाही. नळीतलं अन्न काही तास आधी बंद. घशातले स्राव कमी करणारं ग्लायकोपायरोलेट आधी द्यायचं, घरघर सुरू झाल्यावर दिलं तर फारसा उपयोग होत नाही. मॉर्फिन आणि गुंगीचं मिडाझोलम दोन्ही भरून हाताशी, आणि पहिला डोस नळी काढण्याआधी. मग श्वास, कपाळावरच्या आठ्या, नाकपुड्यांची हालचाल बघत थोडं थोडं. मॉनिटरचा आवाज बंद, सलाईन फक्त औषधापुरतं. व्हेंटिलेटरचा जोर पायरीपायरीने खाली आणायचा. पुढचा सगळा वेळ डॉक्टर खाटेजवळच हवा, केबिनमध्ये नाही.

यात मॉर्फिन मारत नाही. 'मॉर्फिन दिलं म्हणजे गेला' ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की कॅन्सरच्या रुग्णाला दुखत असतानाही घरचे गोळी लपवून ठेवतात. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन दर चार तासांनी असतं. वेळापत्रकाने द्यायचं, दुखायला लागल्यावर नाही. मधेच उसळलेल्या दुखण्यासाठी दिवसभराच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा भाग वेगळा लिहिलेला असतो. मळमळ बहुतेकांची काही दिवसांत थांबते, बद्धकोष्ठता थांबत नाही, म्हणून पहिल्या गोळीपासूनच पोट साफ होण्याचं औषध सोबत. ते लिहायचं राहिलं की आठवड्याने रुग्ण 'मला मॉर्फिन सोसत नाही' म्हणून बंद करतो. लांब असर असलेली गोळी कुटून रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) घालू नये, सगळी मात्रा एकदम सुटते. किडनी निकामी असेल तर मॉर्फिनचे अवशेष साचतात, तिथे डॉक्टर फेंटानिलकडे वळतात. फेंटानिलचा पॅच ७२ तासांचा, असर यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीचं औषध चालू ठेवायचं. पॅचवर गरम पाण्याची पिशवी अजिबात नको.

२०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली. आता मान्यताप्राप्त संस्थेला एकच मान्यता पुरते, पूर्वीसारखे वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत नाहीत. तरी किती नर्सिंग होम ही मान्यता घेतात? ज्या शहरात मॉर्फिनची गोळी शोधायला माणूस दिवसभर फिरतो, तिथे मरणाच्या गोळीचा कायदा आधी आणणं मला अमानुष वाटतं.

नेरूळचा_वाचक

ताई, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. पॅलिएटिव्ह केअर आणि मरणासाठी मदत यांना एकमेकांसमोर उभं करणं हीच या वादातली मोठी चूक आहे.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचं उदाहरण घ्या. तिथला कायदा १९९७ पासून अंमलात आहे आणि दरवर्षी अहवाल छापतात. औषध मागणाऱ्यांच्या कारणांत स्वतःवरचा ताबा जाणं, जगण्यात गोडी देणाऱ्या गोष्टी करता न येणं आणि सन्मान जाणं ही कायम वर असतात. दुखणं बरंच खाली. त्यांतल्या बहुतेकांना घरपोच हॉस्पिस सेवा (शेवटच्या काळातली शुश्रूषा) मिळत असते. म्हणजे सगळं मॉर्फिन देऊनही हे लोक उरतात. मोटर न्यूरॉन आजाराचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. बुद्धी शाबूत, आधी हात जातात, मग गिळणं, मग बोलणं, मग श्वास. त्याचं मुख्य दुखणं दुखणं नसतंच.

आणि ऑरेगनमध्ये औषध लिहून मिळालेल्यांपैकी साधारण तिघांतला एक जण ते घेतच नाही. जवळ आहे एवढ्या आधारावर तो शेवटपर्यंत जगतो. हा आधार नाकारायचा कशासाठी?

वाशीची_परिचारिका

मोटर न्यूरॉनचा रुग्ण शुद्धीवर असताना बायपॅप मशीन (मास्कमधून श्वासाला मदत करणारं) काढायला सांगू शकतो, आजच्या कायद्यातही. काढण्याआधी पुरेशी गुंगी देतात. तो मार्ग बंद नाही.

नेरूळचा_वाचक

मशीनवर आला असेल तर. त्याआधीची दोन वर्षं?

वाशीची_परिचारिका

त्या दोन वर्षांना माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मान्य करते.

चाकांवरून

मी अपंगांच्या हक्कांच्या बाजूने लिहितेय. नेरूळच्या वाचकांनी सांगितलेली 'ताबा जाणं', 'सन्मान जाणं' ही कारणं परत वाचा. त्यांचा अर्थ दुसऱ्यावर अवलंबून राहणं, शी-शूसाठी माणूस लागणं. आमच्यापैकी हजारो जण असंच जगतात. त्याला कायद्याने 'सन्मान गेलेलं जगणं' म्हटलं की आमच्याकडे बघायची समाजाची नजर बदलते.

कॅनडात २०१६ चा कायदा मरण जवळ आलेल्यांपुरता होता. २०१९ मध्ये क्युबेकच्या न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली, २०२१ मध्ये ती अट पात्रतेतून गेली आणि मरण जवळ नसलेल्यांसाठी दुसरा मार्ग सुरू झाला. फक्त मानसिक आजार असलेल्यांचा समावेश पुढे ढकलत ढकलत मार्च २०२७ वर नेलाय. मी हे 'घसरगुंडी' म्हणून ओरडत नाही. ऑरेगनने सहा महिन्यांची अट एवढी वर्षं हलवलेली नाही, हेही खरं. पण फरक कशामुळे पडला ते बघा. कॅनडात हा हक्क घटनेतून, न्यायालयामार्फत आला, आणि घटनेतला हक्क एकदा दिला की 'यालाच का, त्याला का नाही' हा प्रश्न प्रत्येक खटल्यात येतोच. ऑरेगनमध्ये तो लोकांच्या मतदानातून झालेला साधा कायदा आहे, त्याच्या अटी न्यायालयाने ओलांडल्या नाहीत. भारतात सगळं घटनेच्या कलम २१ मधून, म्हणजे जगण्याच्या हक्कातून येतंय. म्हणजे आपण कॅनडाच्या रस्त्यावर आहोत.

शिवाय 'घरच्यांवर ओझं' हे कारण ऑरेगनच्या अहवालांतही मोठ्या संख्येने येतं. तिथे ते ओझं भावनेचं तरी असेल. इथे ते मुलाच्या गृहकर्जाचं, विकलेल्या दागिन्यांचं आणि नोकरी सोडून बसलेल्या सुनेचं असतं. आईने 'मला आता नको' म्हटलं तर ते तिचं स्वतःचं मत की आयसीयूच्या बिलाचं, हे दोन डॉक्टर पंधरा मिनिटांत कसं ओळखणार?

प्रा_पाचपाखाडी

हा या धाग्यातला सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि त्याला झटकून चालणार नाही. पण तोच आक्षेप 'लामा'लाही लागतो, हे ध्यानात घ्या. बिलापायी घरी नेलेल्या रुग्णाला आज कोण विचारतं?

परंपरेकडे येतो, कारण 'हे पाश्चात्त्य खूळ आहे' हा सूर निघायला वेळ लागत नाही. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला औषध-अन्न-पाणी थांबवलं, सरकारने जबरदस्ती केली नाही आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये प्रायोपवेशन केलं. जैन संलेखनेला (अन्न-पाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताला) राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवलं, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवणारा १९८६ चा मारुती दुबळ निकाल आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा. तो विचार सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आधी मान्य केला आणि १९९६ च्या ग्यान कौर निकालात फेटाळला, पण प्रश्न इथे विचारला गेलेला आहे.

मात्र या परंपरेचा आधार घेताना एक भेद विसरू नये. विनोबा काय, संलेखना घेणारा काय, दुसऱ्या कुणाचा हात त्यात नाही. सोडणं हे त्याचं स्वतःचं. 'डॉक्टर, तुम्ही द्या' ही मागणी आपल्या परंपरेत नाही. म्हणून मला स्वतःला तिसरा प्रकार, म्हणजे रुग्णाने स्वतः घेणं, समजू शकतं, चौथा नाही.

नेरूळचा_वाचक

सर, पण मग ज्याचे हात चालत नाहीत, गिळता येत नाही, तो बाहेर. ज्याला सर्वांत जास्त गरज तोच वगळला जातो.

प्रा_पाचपाखाडी

हो. ही विसंगती मला दिसते आहे आणि ती सुटलेली नाही.

कोर्टनाका

कायदा करायचाच ठरला तर मसुद्यात काय लागेल, यावर बोलू. घोषणांपेक्षा तिथेच खरी परीक्षा होते.

ऑरेगनचा मूळ साचा असा : वय १८ पूर्ण, दोन डॉक्टरांच्या मते आयुष्य सहा महिने किंवा कमी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन तोंडी विनंत्या, दोन साक्षीदारांसमोर एक लेखी विनंती, मनाच्या स्थितीबद्दल शंका आली तर मानसोपचारतज्ज्ञ. पुढे २०२० पासून, जो पंधरा दिवसही जगण्याची शक्यता नाही त्याला प्रतीक्षेतून सूट मिळाली. नेदरलँड्समध्ये महिन्यांची अटच नाही. असह्य आणि सुधारणेची आशा नसलेल्या हालांची आहे. तिथे दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं आणि प्रत्येक प्रकरण नंतर विभागीय समितीपुढे जातं. म्हणजे तपासणी मृत्यूनंतर. ब्रिटनच्या विधेयकात ती आधी आहे. आधी उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ठेवला होता, नंतर त्या जागी कायदेतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक अशी तिघांची समिती घातली.

आपल्याकडे आधीची तपासणीच हवी असं माझं ठाम मत आहे. मृत्यूनंतरची तपासणी प्रामाणिक नोंदींवर चालते, आणि आपल्या केसपेपरवर काय लिहिलेलं असतं ते डॉक्टरांना माहीत आहे.

आयसीयू_माजिवडा

नोंदींबद्दल वकीलसाहेबांशी सहमत. सहा महिन्यांच्या अटीबद्दल मात्र सावध करतो. पसरलेल्या कॅन्सरमध्ये शेवटचे काही महिने उताराचे असतात आणि अंदाज बराचसा जमतो, तरी डॉक्टर बहुधा जास्तच आयुष्य सांगतात. हृदय किंवा फुप्फुस निकामी होत जाणाऱ्या आजारांत तसं नसतं. रुग्ण चार वेळा मरणाच्या दारात जाऊन परत येतो, पाचव्यांदा येत नाही. कोणती खेप शेवटची हे आधी कळत नाही. स्मृतिभ्रंशात सहा महिने उरतात तोवर संमती देण्याची क्षमता गेलेली असते, म्हणजे तो आजार या साच्यात बसतच नाही. 'असाध्य आजार' हा एकच शब्द कायद्यात लिहिला तरी खाली तीन वेगळे रस्ते आहेत.

नैराश्याचंही तसंच. भूक नाही, झोप नाही, वजन उतरलं, थकवा ही नैराश्याची लक्षणं आहेत आणि पसरलेल्या कॅन्सरचीसुद्धा. त्यावरून ओळखता येत नाही. अपराधीपणा, कशातच मन न लागणं, नातवंडं आली तरी चेहरा न फुलणं, हे विचारावं लागतं. त्याला एकाहून जास्त भेटी लागतात. म्हणून 'शंका आली तर मानसोपचारतज्ज्ञ' ही ऑरेगनची अट मला अपुरी वाटते.

चाकांवरून

यासाठी धन्यवाद डॉक्टर. मसुद्यात मला आणखी एक हवं : पॅलिएटिव्ह टीमने रुग्णाला प्रत्यक्ष पाहिल्याची नोंद. 'उपलब्ध आहे असं सांगितलं' एवढं पुरेसं नाही.

खारघर_सेक्टर१२

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. वाद चालू राहू दे, पण आज काय करता येईल? वैद्यकीय इच्छापत्र नेमकं कसं करायचं? आणि खारघरवाल्यांनी ते द्यायचं कुठे?

कोर्टनाका

सविस्तर लिहितो.

करणारा सज्ञान आणि सुबुद्ध हवा. लेखी हवं, दोन साक्षीदार हवेत, शक्यतो स्वतंत्र. म्हणजे ज्यांना मालमत्तेत वाटा आहे ते नकोत. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. २०२३ आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, ती अट गेली. निकालात मुद्रांकाची अट नाही, साध्या कागदावर चालतं. एकाहून जास्त पालक किंवा जवळचे नातेवाईक नेमता येतात आणि मी दोन तरी नेमायला सांगेन, कारण एकजण परदेशात किंवा स्वतःच आजारी असू शकतो. कधीही लेखी मागे घेता येतं, बदलता येतं.

चुका बहुतेक मजकुरात होतात. 'मला कृत्रिम उपचार नकोत' हे वाक्य निरुपयोगी आहे, सलाईनही कृत्रिमच. आधी परिस्थिती लिहा : असाध्य अवस्था, बरं होण्याची आशा नाही, मी निर्णय घेऊ शकत नाही. मग एकेक उपचाराचं नाव : छाती दाबून हृदय चालू करणं, घशात नळी घालून व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्त, रायल्स ट्यूब किंवा थेट पोटात घातलेल्या नळीतून अन्न, जंतुसंसर्गासाठी तीव्र अँटिबायोटिक. प्रत्येकापुढे हवं, नको किंवा 'काही दिवस करून बघा, उपयोग नसेल तर थांबवा'. हा तिसरा पर्याय लोक विसरतात आणि तोच अनेकदा सर्वांत उपयोगी असतो. शेवटी एक ओळ ठळक : दुखणं, दम आणि अस्वस्थता कमी करणारे सर्व उपचार मला हवेत.

वाशीची_परिचारिका

अन्नाच्या नळीबद्दल घरच्यांशी आधी बोलून ठेवा, नुसतं लिहू नका. वेळ येते तेव्हा एखादी मावशी 'उपाशी मारताय का' विचारते आणि कागद बाजूला पडतो. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न-पाणी वापरत नाही. जास्त सलाईनने अंगावर सूज आणि छातीत पाणी वाढतं. तोंड कोरडं पडतं त्याला दर दोन तासांनी ओल्या कापसाने तोंड पुसणं आणि ओठांना व्हॅसलीन, हा इलाज आहे. मावशीच्या हातात तो कापूस द्या. तिलाही काही केल्यासारखं वाटतं आणि रुग्णाला आराम पडतो.

आयसीयू_माजिवडा

घरी शेवट व्हावा असं लिहिणार असाल तर एक डॉक्टर आधीपासून घरी येऊन बघणारा असू द्या. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला नमुना ४अ वर तो देतो. शेवटच्या काळात कुणीच तपासलेलं नसेल तर अनोळखी डॉक्टर सही करत नाही, मग पोलीस, पंचनामा आणि कधी शवविच्छेदन. कागदपत्रांची फाइल, आजाराचा शेवटचा अहवाल आणि इच्छापत्राची नक्कल एकाच पिशवीत, घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. बँकेच्या लॉकरमध्ये अजिबात नको. रात्री अडीचला लॉकर उघडत नाही.

कोर्टनाका

राहिला खारघरचा प्रश्न, आणि तो महत्त्वाचा आहे, कारण नवी मुंबई म्हणताना लोक जिल्ह्याची हद्द विसरतात. ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई महानगरपालिका आणि ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल ही पनवेल महानगरपालिका आणि रायगड जिल्हा. इच्छापत्राची एक नक्कल स्थानिक संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे (ती जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) द्यायची असते. महाराष्ट्रात हे अभिरक्षक २०२४ मध्ये नेमले गेले, तेही डॉ. निखिल दातार यांच्या मुंबई उच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर. तुम्ही राहता त्या महानगरपालिकेचा अभिरक्षक तुमचा, म्हणजे तुमच्यासाठी पनवेल महानगरपालिका.

दुय्यम मंडळाचा माणूस मात्र जिल्ह्याकडून नेमला जातो. खारघरच्या रुग्णालयात दाखल असाल तर रायगड, म्हणजे पत्र अलिबागला जाणार. तोच रुग्ण वाशीच्या रुग्णालयात असला तर ठाणे. रुग्णालय निवडताना हेही विचारून घ्या.

प्रती पाच काढा. एक अभिरक्षकाकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, नेमलेल्या दोघांकडे एकेक, मूळ प्रत घरात. अभिरक्षकाच्या कार्यालयात काउंटरवरचा कर्मचारी 'हे काय आहे' म्हणून परत पाठवू शकतो. भांडू नका. सोबत साधं अर्जवजा पत्र जोडा, '२४ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार अभिरक्षणासाठी सादर' एवढी ओळ वर लिहा आणि आवक-जावक खिडकीत द्या. पोचपावतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, कारण रुग्णालय इच्छापत्र खरं की खोटं हे त्या कार्यालयात विचारणार, आणि तिथे ते शोधायचं तर तोच क्रमांक सांगावा लागेल.

खारघर_सेक्टर१२

समजलं. पत्राचा नमुना सोमवारी इथेच टाकतो, कृपया सगळ्यांनी तपासा.